न्हाणीतला कट्टा

१२ जुलै १९९८
निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल सगुणाने पेटीत ठेवली, नारळाची चटणी झाली, डायरी तेवढी पडून होती. जन्मभर एस.टी. चालवलेल्या माणसाने डायरीत लिहायचं तरी काय? पण आज लिहिण्यासारखं घडलं आहे. आमच्या बेबीनंदाला दिवस राहिलेत. राजूरहून जावयांचा फोन शेजारच्या केशरबाईंकडे आला. एकुलती एक लेक, लग्नाला चार वर्षं झालेली. सगुणा ऐकून स्टोव्हसमोरून उठायला गेली आणि गुडघ्यांनी तिला परत खाली बसवलं. मग तिथेच बसून ती रडली आणि हसली.

जानेवारीत बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे जालन्यात, मस्तगडला आमच्या घरी.

सगुणाच्या गुडघ्यांचं दुखणं दोन वर्षांचं. सकाळी पहिली काही पावलं ती भिंतीला धरून टाकते. जमिनीवरून उठताना कटकट आवाज होतो आणि ती उभी राहीपर्यंत मी जागचा हलत नाही. लोक म्हणतात संधिवात, वय झालं. पंचावन्न हे काय वय आहे?

आणि हिच्याकडे तर गल्लीचं एक खातंच आहे. कुणाकडे तान्हं आलं की अंघोळ घालायला सगुणाला बोलावणं येतं. पाटावर बसून ती पाय लांब करते, बाळाला पायांवर घेते, आणि केशरबाई म्हणतात की किंचाळणारं पोरसुद्धा तिच्या पायांवर गप होतं. मी मात्र हे कधी धड पाहिलेलं नाही, मी कायम ड्युटीवर.

१५ जुलै
ठरवलं. सगुणाचे गुडघे मी जानेवारीपर्यंत नीट करणार. गाडी जितकी कमी पळेल तितके तिचे पार्ट कमी झिजतात, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. तिच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता आहे ते जपायचं. आजपासून स्वयंपाक, झाडलोट, पाणी, बाजार सगळं माझ्याकडे. तिने फक्त पलंगावर बसायचं. ती म्हणाली, तुम्हाला भाजी निवडता येते का? मी म्हणालो, घाटात गाडी रिव्हर्स घेतलेला माणूस आहे मी.

३० जुलै
भाजी निवडता येते. पोळ्यांचं सांगत नाही.

खरं सांगायचं तर मजा येतेय. निवृत्तीनंतरचा पहिला महिना मी नुसता दारात बसून येणारे-जाणारे पाहत होतो. आता सकाळपासून दम घ्यायला फुरसत नाही. सगुणाला हाताशी सगळं देतो, चहासुद्धा पलंगावर. इतकी वर्षं तिने एकटीने घर ओढलं, मी मुक्कामाच्या गाडीवर. आता तिने राणीसारखं बसावं.

आज बाजारातून आलो तर राणी दारात उभी. म्हणाली, पाणी प्यायला उठले होते. माठ पलंगाला लागूनच ठेवलाय मी. मी रागावलो. बिचारीला दुखण्यात काही सुचत नाही.

१८ ऑगस्ट
केशरबाईंच्या सुनेला मुलगी झाली. त्या सगुणाला बोलवायला आल्या तेव्हा मी दारातच होतो. म्हणालो, तिला आराम सांगितलाय, खाली बसणं बिलकुल बंद. त्या परत गेल्या.

शेजारून बाळाच्या रडण्याचा आवाज बराच वेळ येत होता. सगुणा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. जेवलीही नाही. गुडघा जास्तच दुखत असणार, म्हणून मी तेल गरम करून चोळून दिलं.

६ सप्टेंबर
काहीतरी चुकतंय. एवढा आराम देऊनही गुडघे सुधारायचं नाव नाही. जुलैत भिंतीला धरून चालत होती, आता पलंगावरून उठायला माझा हात लागतो. अंगाने भरली आहे, आणि मांड्या मात्र बारीक झाल्यासारख्या वाटतात. संडासला जायचं म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण तिथे उकिडवं बसायचं. सुताराकडून एका जुन्या खुर्चीला मधे भोक पाडून आणलं. सगुणा आधी लाजली, मग हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी सुताराला दहा रुपये जास्त दिले.

आराम अजून वाढवावा असं म्हणतो. परसात जाणंही बंद.

२० सप्टेंबर
आज विहीणबाई, तुळजाबाई, राजूरहून बियाणं घ्यायला नवीन जालन्यात आल्या होत्या, तशा घरी आल्या. सगुणाला पलंगावर पाहिलं, उठताना मी हात देतो ते पाहिलं. जाताना मला बाहेर गाठून म्हणाल्या, विहीणबाईंची अशी हालत, तर बेबीचं बाळंतपण आमच्याकडेच करू. बाळाला न्हाऊ घालायला गावातली बाई लावू.

मला पटलं. भली बाई आहे, मनात काही नाही. मी हो म्हणालो. सगुणाच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला असं वाटून मी खुशीत आत आलो आणि तिला सांगितलं.

तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लोकांची इतकी लेकरं पायावर घेतली म्या. माझ्या बेबीचं लेकरू दुसरीच्या पायावर जाईल. आन् हे तुम्ही मला न इचारता ठरवून आलात."

मी म्हणालो, तुझ्या गुडघ्यांसाठीच.

"गुडघे दुखून राह्यले तरी मी चालत होते. तुम्ही बसवलं तवापासून उठता येऊन न्हाई राह्यलं. तुम्हाला दिसून न्हाई राह्यलं का?"

इतकी वर्षं संसार केला, पण ती माझ्याशी अशी बोललेली मला आठवत नाही. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर
नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला हाडांचे डॉक्टर आहेत, डॉ. खरात. वयाने तरुण आहेत. त्यांनी फोटो काढला आणि उजेडावर धरून दाखवला. गुडघ्यात दोन हाडांच्या मधे जी फट दिसायला हवी ती आतल्या बाजूला फारच कमी झाली आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजली, आणि कडेला हाडालाच बारीक कोंब फुटलेत. दुखण्याचं नाव कागदावर बघून उतरवतो: ऑस्टिओआर्थ्रायटिस.

डॉक्टरांनी विचारलं, आतापर्यंत काय इलाज केला? मी म्हणालो, पूर्ण आराम. कुणी सांगितला? सगुणाने माझ्याकडे बोट केलं.

मी माझं गाडीचं गणित सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "काका, लोखंड वापरलं की झिजतं, बराबर आहे. पण हे जिवंत आहे. कूर्चेला रक्त मिळत न्हाई. चालताना तिच्यावर दाब येतो आन् सुटतो, त्यातूनच तिला खायला मिळतं. आन् मांडीचे स्नायू ढिले पडले की सगळा भार गुडघ्यावर. तुम्ही बाईंना बसवलं, तिथंच स्नायू गेले."

म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांसारखं. गाडीचे पाटे बसले की सगळे धक्के चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. हे मला कळायला हवं होतं. मी पाटेच काढून टाकले आणि गाडी शेडमध्ये लावून चासी पुसत बसलो.

झिजलेलं भरून येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण दुखणं कमी होईल, चालणं सुधारेल. वजन उतरवायचं. रोज चालायचं, थोडं थोडं वाढवत. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं टाळायचं. खुर्चीची माझी युक्ती मात्र त्यांना आवडली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. उजवा गुडघा जास्त खराब, म्हणून काठी डाव्या हातात. मी वाद घालून पाहिला, हरलो. गोळी अगदी दुखेल तेव्हाच. आणि व्यायाम: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्याने ती खाली दाबून धरायची.

सगुणाने तिथेच पाय लांब करून दाखवले. म्हणाली, "डॉक्टर, तान्ह्याला न्हाऊ घालताना मी अशीच बसते."

डॉक्टर म्हणाले, "मंग बसा ना. फकस्त जमिनीवरून उठू नका."

तिने दुसरं काही विचारलंच नाही.

५ ऑक्टोबर
व्यायाम सुरू. ती दाबते, मी शेजारी बसून पाहतो. आज पोळ्या तिने केल्या, स्टोव्ह ओट्यावर ठेवून, उभं राहून. माझ्या पोळ्यांपेक्षा कितीतरी बऱ्या होत्या. मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, हे इथे तरी लिहून ठेवतो.

दुपारी करायला काही नव्हतं. बस स्टँडवर जाऊन बसलो. आमच्या वेळचा कंडक्टर भिवा भेटला, त्याने विचारलं, सध्या काय चाललंय? मी म्हणालो, मंडळींची तब्येत बरी नसते, सगळं मलाच पाहावं लागतं. घरी येताना वाटलं, मी खोटं कशाला बोललो?

१९ ऑक्टोबर
दिवाळी. सगुणा काठी घेऊन केशरबाईंच्या दारापर्यंत जाऊन आली. मी मागे मागे होतो. ती म्हणाली, इतकं जवळ चालू नका, मी पडले तर तुमच्यावरच पडेन. केशरबाईंनी नात तिच्या मांडीवर दिली. खुर्चीत बसून तिने त्या पोरीला इतकं जवळ घेतलं की मी तिथून निघून आलो.

२ नोव्हेंबर
डॉक्टरांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. फकस्त जमिनीवरून उठू नका. मग पाय लांब करून बसायची जागा जमिनीवरच कशाला हवी?

आज न्हाणीचं माप घेतलं. भिंतीला लागून, बसच्या सीटच्या उंचीचा, लांबलचक कट्टा. पाठ भिंतीला, पाय कट्ट्यावर सरळ. पाणी वाहून जायला थोडा उतार. उठताना पाय खाली सोडायचे, की झाली उभी. सगुणाला सांगितलं तर म्हणाली, लोक हसतील, न्हाणीत कधी ओटा असतो का? आणि जरा थांबून म्हणाली, उंचावरून लेकरू घसरलं मंग? मी म्हणालो, मोकळ्या बाजूला कठडा करू. ती म्हणाली, आन् तरी घसरलं तर?

मी कठड्याचं माप परत घेतलं.

१० नोव्हेंबर
गवंडी आला. सगुणा नको म्हणाली नाही. उलट कट्टा किती रुंद हवा ते स्वतः हात पसरून दाखवलं.

२२ नोव्हेंबर
आज राजूरला जाऊन आलो. मी विहीणबाईंना फोन करणार होतो, सगुणा म्हणाली, नको. त्यांनी मला बसलेलं पाह्यलं, आता चालताना पाहू द्या.

एस.टी.नेच गेलो. मी आयुष्यभर गाडीत पुढच्या दाराने चढलो, माझी सीट माझी. आज पहिल्यांदा तिच्या मागे उभं राहून पाहिलं की गाडीची पहिली पायरी किती उंच असते. या पायरीवर म्हाताऱ्या बायांना वेळ लागला की मी हॉर्न वाजवायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तिने बरा पाय वर टाकला, दांडी धरली, आणि चढली. मागे चार माणसं कुरकुरत होती. मी वळून पाहिलं, तशी माणसं गप झाली.

राजूरला तिने टेकडीवरच्या गणपतीला खालूनच हात जोडले. म्हणाली, पायऱ्या पुढच्या वर्षी. मग विहिणीच्या अंगणात काठी टेकत गेली. बेबी धावत आली. सात महिने भरलेली, सगळी गोल झालेली पोर. दोघी गळ्यात पडल्या.

तुळजाबाईंनी खुर्ची आणली, चहा केला. सगुणा म्हणाली, "विहीणबाई, तुमचं म्हणणं खोटं न्हाई. गुडघे माझे खराबच हायेत, नीट होणार न्हाईत. पण बेबीला पाठवा. जमलं न्हाई तर मीच बाई लावीन, तुम्हाला सांगून."

तुळजाबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आम्ही निघायच्या वेळी त्यांनी सगुणाला आत बोलावलं. बराच वेळ झाला म्हणून मी डोकावलो, तर दोघी विहिणी पलंगावर पाय लांब करून बसलेल्या, आणि सगुणा सांगत होती, असं न्हाई, मांडी कडक झाली पाह्यजे. तुळजाबाईंचे गुडघेही पाच वर्षांपासून दुखतात. सुनेला कळू दिलं नव्हतं.

बेबी पुढच्या महिन्यात येणार.

२० डिसेंबर
बेबी घरी आली, आणि सगुणाने सगळं स्वतः करायला घेतलं. लाडू, शेक-शेगडीची तयारी, जुन्या लुगड्यांची दुपटी. मी दोनदा टोकलं. आज उजवा गुडघा सुजला. पाय टेकवेना.

तिला पलंगावर बसवलं, उशी दिली, चहा दिला. आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय. बाई दुखण्याने हैराण आणि मी किचनमध्ये खुशीत. लाज वाटली.

२१ डिसेंबर
डॉ. खरातांना विचारून आलो. दोन-तीन दिवस विश्रांती, शेक, गोळी. सूज उतरली की लगेच हळूहळू चालणं सुरू. जास्त बसवायचं नाही. शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाले.

२४ डिसेंबर
सूज उतरली. सगुणा पलंगावरच होती. आज मी तिला म्हणालो, ऊठ. ती म्हणाली, भीती वाटते. मी चहा पलंगावर नेऊन दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. चहा निवला. बेबी माझ्याकडे रागाने बघत होती. हात पुढे न करणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं.

ती आली. गार चहा प्यायली आणि म्हणाली, दुसरा टाका.

१७ जानेवारी १९९९
बेबीला मुलगा झाला. दोघं सुखरूप. तुळजाबाई राजूरहून आल्या, त्यांच्या हातात काठी होती, डाव्या. सगुणाने मान हलवून पसंती दिली.

२८ जानेवारी
नाळ पडली. उद्या घरची पहिली अंघोळ. सगुणा आज दुपारी न्हाणीत जाऊन कोरड्या कट्ट्यावर पाय लांब करून बसली होती. पायांवर उशी घेऊन. मी पाहिलं हे तिला कळलं, तरी ती उशी घेऊन तशीच बसून राहिली. म्हणाली, "घसरलं तर?"

मी म्हणालो, मी कठड्याशी उभा राहीन. ती म्हणाली, पुरुष माणूस न्हाणीत?

ते खरंच होतं.

२९ जानेवारी
बंबातलं पाणी बेबीने काढून दिलं. केशरबाई तांब्या घेऊन तयार होत्या. बाळाला एकीने धरायचं आणि दुसरीने पाणी ओतायचं, अशीच रीत आहे. मी बाहेर पडवीत, उघड्या दाराशी उभा.

सगुणा कट्ट्यावर बसली. पाठ भिंतीला, पाय सरळ. मग ती तशीच थांबली. केशरबाई बाळ घेऊन उभ्या. बाळ रडत होतं आणि सगुणा हात पुढे करत नव्हती. बेबीने माझ्याकडे पाहिलं.

आतून सगुणाचा आवाज आला. "केशर, लेकरू दे माझ्याजवळ आन् तू जराशी सर. पाणी हे ओततील."

केशरबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. हसत असतील. हसू देत.

पाणी कोपराने पाहायचं असतं, ते बेबीने सांगितलं. मी पाहिलं, परत पाहिलं. सगुणाने बाळाला पायांवर पालथं घेतलं. तेल चोळलं, पीठ लावलं, एक हात त्याच्या छातीखाली. मी कठड्याला टेकून, ती म्हणेल तेव्हा, म्हणेल तितकं पाणी सोडत होतो. घाटातली अवघड वळणं मी एका हाताने घेतलीत, पण आज तांब्या दोन्ही हातांनी धरला. बाळ आधी खूप रडलं, मग कमी, आणि मग गप झालं. डोळे उघडे ठेवून तिच्या पायांवर पडून राहिलं. केशरबाई सांगत होत्या ते असं असतं तर. हे इतकी वर्षं माझ्याच गल्लीत होत होतं.

सगुणाने त्याला दुपट्यात गुंडाळलं. पाय कट्ट्यावरून खाली सोडले. उठताना आधार द्यायला मी तांब्या ठेवून दोन्ही हात पुढे केले, सवयीने. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, त्यात बाळ ठेवलं, आणि भिंतीला न धरता स्वतःची स्वतः उठली.

"जल्दी चला, त्याला गारठा लागंल," ती म्हणाली, आणि काठी घेऊन पुढे झाली. मी बाळ धरून तिच्या मागे गेलो.